भूलपूर्व तपासणीची सेवा: पोट, शुगर आणि बीपी एकत्र असलेल्यांसाठी ती कितपत कामाची?

ऑपरेशनची तारीख ठरली की सर्जन सांगतात, "भूलतज्ज्ञांकडून फिटनेस घेऊन या." रुग्णालयात या भेटीला पीएसी म्हणतात, म्हणजे भूल देण्याआधीची तपासणी. तालुक्याच्या नर्सिंग होमपासून शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयापर्यंत ती सगळीकडे होते. बिलात तिची रक्कम किरकोळ असते, त्यामुळे तिच्या दर्जाकडे फारसं कोणी बघत नाही. हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे, आणि तो एका ठरावीक रुग्णाला डोळ्यांपुढे ठेवून केला आहे: पोट सुटलेलं, शुगर वाढलेली, बीपीची गोळी चालू, रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइडपुढे लाल खूण. अर्थात मेटाबॉलिक सिंड्रोम.

निकाल आधीच सांगतो. ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधी, टेप आणि औषधांच्या पट्ट्या टेबलावर ठेवून झालेली पीएसी पाचपैकी पाच. ॲडमिट झाल्यावर आदल्या संध्याकाळी खाटेशेजारी उभ्या उभ्या झालेली पीएसी पाचपैकी दोन. हे दोन गुणही एवढ्यासाठी, की निदान तोंड उघडून पाहिलं जातं, हलणारे दात कळतात आणि ॲलर्जी विचारली जाते. शुगर, बीपी, घोरणं यांबाबत त्या वेळी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

ही सेवा नेमकी कोणाला लागते

पाच गोष्टींपैकी तीन असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात: कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी किंवा जास्त (हे आकडे आशियाई लोकांसाठीचे आहेत), ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. गोळी चालू असेल आणि त्यामुळे आकडा नॉर्मल असेल, तरी ती गोष्ट धरायचीच. "माझं बीपी नॉर्मल असतं, गोळी घेतो ना" असं सांगणाऱ्यांची नोंद इथेच चुकते.

घेर पँटच्या पट्ट्यावर मोजायचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरायची, उभं राहायचं, साधा श्वास सोडायचा आणि आकडा वाचायचा. पट्टा पोटाखालून बांधणाऱ्या माणसाच्या कमरेचा पँटचा नंबर ३४ असतो आणि खरा घेर १०० सेंमी निघतो.

वजनकाट्यावर विसंबून राहणं आपल्याकडे विशेष धोक्याचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांमधला हा प्रकार फार पूर्वी दाखवून दिला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पीएसीच्या फॉर्मवर 'बिल्ट: थिन' लिहून पुढे सरकण्याची सवय असेल, तर हा रुग्ण निसटतो. फॉर्मवर कमरेच्या घेराचा रकाना आहे का, हे आम्ही कुठल्याही रुग्णालयाची पीएसी जोखताना पहिल्यांदा पाहतो. बहुतेक ठिकाणी तो नसतो.

आता हे सगळं एकत्र का बघायचं? फिजिशियन शुगर बघतात, हृदयरोगतज्ज्ञ इको बघतात, आणि प्रत्येकाचा शेरा येतो: 'फिट'. पण हे आजार भुलेखाली एकमेकांना जोर देतात. २०१० साली अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास झाला. स्थूलता, बीपी आणि मधुमेह हे तिन्ही एकत्र असणाऱ्यांत, साधं वजन असलेल्यांच्या तुलनेत, ऑपरेशननंतर हृदयाचे त्रास सुमारे दोन ते अडीच पट, आणि मूत्रपिंड अचानक बिघडण्याचा धोका वजनाच्या टप्प्यानुसार तीन ते सात पट आढळला. बीएमआय ५० च्या वर असलेल्या गटात मृत्यूचा धोका दुप्पट होता. सगळ्यांत मोठी उडी मूत्रपिंडाची आहे, हे लक्षात ठेवा. वॉर्डात सर्रास मिळणाऱ्या एका इंजेक्शनाशी त्याचा संबंध आहे. ते पुढे येईल.

चार आठवड्यांत काय होऊ शकतं

सेवेची खरी किंमत वेळेत आहे. एचबीएवनसी हा तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब असला, तरी त्यातला साधारण निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. म्हणून चार आठवडे नीट गेले तर आकडाही हलतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी शक्य असेल तेव्हा ८ च्या खाली आणायला सांगते, ब्रिटनमध्ये ८.५ ही रेघ धरतात. त्याच्या वर असताना गुडघ्यात सांधा बसवणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. साखर सतत १८० च्या वर राहिली की पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद उतरते, टाक्यांत पू होण्याची शक्यता वाढते, आणि कृत्रिम सांध्यावर एकदा जंतूंचा थर बसला की नुसत्या औषधाने तो जात नाही.

चांगला भूलतज्ज्ञ एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिन ठेवूनच वाचतो. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटा वर दिसू शकतो, नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर खोटा खाली. गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या, महिनोन्‌महिने अंगावरून जास्त जाणाऱ्या स्त्रियांत हा घोळ नेहमीचा. तिथे घरी आठवडाभर ग्लुकोमीटरवर घेतलेले आकडे जास्त खरं सांगतात. हिमोग्लोबिन वाढवायलाही हेच चार आठवडे लागतात, शिरेतून लोह दिलं तर आणखी लवकर.

तंबाखू हा या चार आठवड्यांतला दुसरा विषय. "सिगारेट ओढता का?" एवढंच विचारून भागत नाही. मिश्री, गुटखा, तपकीर यांची नावं घेऊन विचारावं लागतं, नाहीतर उत्तर 'नाही' असंच येतं.

फॅटी लिव्हर असलेल्यांच्या पित्ताशयाच्या किंवा वजन घटवण्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात जाड, जड यकृत सर्जनच्या वाटेत येतं. दोन ते चार आठवडे रोज ८०० ते १००० कॅलरीचा, कमी कर्बोदकांचा आहार घेतला तर यकृत खरोखर आकसतं. बॅरिॲट्रिक केंद्रांत ही रीत रुळलेली आहे, इतरत्र क्वचितच सांगितली जाते. मात्र इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना हा आहार आपल्या मनाने सुरू करू नये. डोस कमी केला नाही तर शुगर पडते.

बीपीसाठी तारीख पुढे ढकलण्याची घाई मात्र नको. पीएसीत मोजलेलं बीपी १८०/११० च्या खाली असेल तर केवळ आकड्यासाठी ऑपरेशन थांबवू नये, असं ब्रिटिश भूलतज्ज्ञ संघटनेचं २०१६ पासूनचं मार्गदर्शन आहे. त्याआधी कफ बघा. दंडाचा घेर ३५ सेंमीच्या वर असेल आणि साधाच कफ गुंडाळला, तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. फार जाड दंडावर हा फरक २० पर्यंत जाऊ शकतो. मोठा कफ ठेवायला खर्च नगण्य आहे. तो नसलेली पीएसी ओपीडी अपुरी, असं आमचं स्पष्ट मत.

कर्करोग, अडकलेला हर्निया, फुटलेलं अपेंडिक्स यांना चार आठवडे थांबता येत नाही. तिथे आकड्यांसाठी वेळ घालवायचा नाही, आहे त्या स्थितीत जोखीम ओळखून पुढे जायचं.

तपासण्यांचं पॅकेज: पैसे कुठे जातात

'सर्जिकल प्रोफाइल' नावाने मिळणाऱ्या पॅकेजमध्ये सहसा हिमोग्राम, एचआयव्ही-कावीळ चाचण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, टू-डी इको आणि बीटी-सीटी असतात. यातली बीटी-सीटी, म्हणजे टोचून रक्त किती वेळात थांबतं ते बघणं, रक्तस्रावाचा अंदाज देत नाही. ती केव्हाच बंद व्हायला हवी होती. "दात काढल्यावर, बाळंतपणात रक्त थांबायला वेळ लागला होता का?" हा प्रश्न तिच्यापेक्षा उपयोगी. सरसकट इकोचंही तसंच. दम लागणं, पायाला सूज, छातीत आवाज यांपैकी काही असेल तर इको जरूर करावा. नसेल तर न थांबता दोन जिने चढता येतात का, हे विचारून जास्त कळतं. तेही गुडघेदुखीमुळे सांगता येत नसेल, तर मग पुढच्या तपासण्यांना अर्थ आहे.

पॅकेजमध्ये जे नसतं ते म्हणजे एचबीएवनसी, क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज), लघवीतलं प्रथिन आणि ज्याला झोपेत श्वास अडकण्याची शंका आहे त्याचं बायकार्बोनेट. हे चार वेगळे मागून घ्या. बायकार्बोनेट २७-२८ च्या वर असेल तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असल्याचा तो इशारा असतो, आणि अशा माणसाला ऑपरेशननंतर झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक इंजेक्शनं नेहमीच्या डोसमध्ये देता येत नाहीत.

घोरण्याबद्दल 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची यादी आहे. टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी ती २००८ साली प्रसिद्ध केली: मोठ्याने घोरणं, दिवसा पेंग, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंमीच्या वर, आणि पुरुष असणं. तीन-चार 'हो' म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा. बीएमआयची अट आपल्याकडे सैल पडते. ३० बीएमआय, आखूड मान आणि पुढे आलेलं पोट असलेल्या माणसालाही हा आजार जोरात असू शकतो. तिसरा प्रश्न रुग्णाला विचारून उपयोग नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारावा लागतो. म्हणून पीएसीला नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला सोबत न्यावं. झोपेत मास्कने हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन आधीपासून असेल तर ते मास्कसह रुग्णालयात घेऊन जायचं. ऑपरेशनच्या रात्री त्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमकं तेव्हाच ते घरच्या कपाटात असतं.

औषधांची पिशवी: पीएसीचा सर्वांत मौल्यवान भाग

यादी नको, पट्ट्या न्या. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून हे औषध स्वस्त झालं आणि दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळीत मिसळून घराघरांत पोहोचलं. रुग्ण सांगतो, "शुगरची एकच गोळी आहे." पट्टी उलटून बारीक अक्षरं वाचली की आत मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन आणि डापाग्लिफ्लोझिन असे तीन घटक सापडतात. ज्याच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे ते औषध ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायचं, अर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस आधी.

कारण समजून घेण्यासारखं आहे. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यात उपास आणि ऑपरेशनचा ताण यांची भर पडली की शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन साचतात आणि रक्त आम्ल होतं. साखर मात्र १५०-२०० च्या आसपासच राहते, त्यामुळे ग्लुकोमीटर बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. दुसऱ्या दिवशी मळमळ, पोटदुखी, धाप, नाडी जलद, आणि वॉर्डात निदान होतं 'गॅस झालाय'. या गोळीवर असलेल्या माणसाला असं झालं तर रक्तातले कीटोन आणि एबीजी (धमनीच्या रक्तातली आम्लता आणि वायू) तपासलेच पाहिजेत. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी गोळी चालू असली तरी नियम तोच, फक्त ती बंद करण्याआधी त्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि नुसतीच बंद करून तीन दिवस शुगर मोकाट सोडायची नाही. पर्यायी औषध काय, हे पीएसीच्या कागदावर लिहून घ्या.

दुसरा नवा विषय वजन आणि शुगरच्या इंजेक्शनांचा. सेमाग्लुटाइडची गोळी भारतात २०२२ पासून आहे. २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन आलं. ही औषधं जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतात. आठ तास उपाशी असूनही पोटात अन्न सापडू शकतं, आणि भूल देताना ते उलटून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. २०२३ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेने आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून सल्ला सुधारला: बहुतेकांनी चालू ठेवायला हरकत नाही, पण डोस नुकताच वाढवलेला असेल, मळमळ-उलटी असेल किंवा मधुमेहाने जठर आधीच मंद असेल, तर आदल्या दिवशी चोवीस तास फक्त पातळ आहार. सकाळी शंका वाटलीच तर सोनोग्राफीने पोट बघता येतं. बरेच जण वजनाचं इंजेक्शन 'औषध' म्हणून सांगतच नाहीत. त्यामुळे पीएसीत थेट विचारणारा डॉक्टर भेटला तर त्याला पूर्ण गुण द्या.

बीपीच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर आणि अम्लोडिपिन ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या. बीटा-ब्लॉकर अचानक तोडला तर नाडी उसळते. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळीही चालू राहते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल हा गट थांबवायचा की चालू ठेवायचा, याबद्दल भूलतज्ज्ञांत मतभेद आहेत. २०२४ मध्ये आलेल्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत थांबवणाऱ्यांत आणि चालू ठेवणाऱ्यांत गुंतागुंत सारखीच निघाली, पण चालू ठेवणाऱ्यांचं बीपी भुलेखाली जास्त वेळा पडलं. पाठीतून भूल घेणार असाल किंवा रक्तस्राव अपेक्षित असेल, तर एक दिवस आधी थांबवणं आम्हाला पटतं. सोबत लघवीची गोळी असेल तर ती त्या सकाळी नको.

मेटफॉर्मिन आणि शुगरच्या इतर गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या नाहीत. ग्लार्जिनसारखं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. नेहमीच्या डोसच्या ७५ ते ८० टक्के घ्यायचं, एनपीएच (मध्यम काळ चालणारं इन्सुलिन) असेल तर सकाळी निम्मं. "उपाशी आहे म्हणून इन्सुलिन घेतलंच नाही" यातून शुगर साडेतीनशे होऊन ऑपरेशन रद्द झालं, तर चूक सूचना न देणाऱ्याची. हृदयात स्टेंट असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून घ्यायचा. कंपाउंडरने फोनवर सांगायची ही गोष्ट नाही.

उपाशी राहण्याच्या सूचना

इथे सेवा जवळपास सगळीकडे नापास होते. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको" ही सूचना जुनी आहे. तळलेलं, मटण, तुपकट जेवण आठ तास आधी. पोळी-भाजीसारखं हलकं जेवण आणि दूध सहा तास आधी. पाणी, साखरपाणी, कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा, ताक, सोलकढी 'पातळ' असले तरी ते दुधाच्या किंवा अन्नाच्या रांगेत बसतात, हे लिहून द्यायला हवं. जठर मंद असलेल्या जुन्या मधुमेहींना दोन तासांची सवलत द्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञ ठरवतात. सकाळी शुगर ७० च्या खाली गेली तर साखरपाणी घ्यायचं आणि ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कळवायचं. घाबरून गप्प बसायचं नाही.

इन्सुलिनवरच्या रुग्णाचा नंबर यादीत पहिला लावणं ही फुकटची सोय आहे. दुपारी तीनपर्यंत उपाशी ठेवलेल्या मधुमेहीची शुगर कशीही वागते. पीएसीच्या कागदावर 'पहिली केस' असं लिहिलेलं असेल तर त्या रुग्णालयाला विषय कळतो.

ओटीत काय वेगळं असायला हवं

हा भाग रुग्णाला दिसत नाही, पण आधी विचारता येतो. पोट मोठं असलं की आडवं झोपल्यावर ते छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं, फुप्फुसांचे खालचे भाग मिटतात आणि ऑक्सिजनचा साठा घटतो. पुरेसा ऑक्सिजन भरून घेतल्यावर निरोगी सडपातळ माणूस श्वास थांबल्यावर साधारण आठ मिनिटं तग धरतो, फार स्थूल माणूस तीनपेक्षाही कमी. म्हणून डोकं-खांदे उशांनी किंवा खास रॅम्पने इतके उचलायचे की कानाचं भोक आणि छातीचं हाड एका आडव्या रेषेत येईल, टेबल डोक्याकडून २५ अंश वर, आणि घट्ट मास्कने किमान तीन मिनिटं ऑक्सिजन. नुसती डोक्याखाली एक जाड उशी घातली तर मान पुढे वाकते आणि श्वासनलिकेत नळी घालणं उलट अवघड होतं. जाड मानेच्या रुग्णासाठी व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घसा पडद्यावर दाखवणारं उपकरण) खोलीत असायला हवा, स्टोअरमध्ये नको. जमेल तिथे पाठीतून किंवा नस बधिर करून भूल घेणं या रुग्णांच्या फायद्याचं. पाठीतल्या इंजेक्शनाने जन्माची पाठदुखी लागते ही भीती सोडून द्यावी.

औषधांचे डोस सगळे एकाच वजनावर काढत नाहीत. काही चरबीविरहित वजनावर, काही पूर्ण वजनावर. प्रतिजैविक सेफाझोलिन १२० किलोच्या वर २ ऐवजी ३ ग्रॅम लागतं आणि ते चिरा देण्याआधीच्या तासाभरात पोहोचायला हवं. शुगर १०० ते १८० मध्ये ठेवायची आणि लांबलेल्या ऑपरेशनात तासा-दोन तासाला बघायची. उलटी टाळण्यासाठीचं डेक्सामेथासोन शुगर वाढवतं म्हणून मधुमेहींना नाकारलं जायचं. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ८ मिलिग्रॅमच्या एका डोसने, मधुमेहींतही, जखमेचा संसर्ग वाढलेला दिसला नाही. शुगर मात्र पुढचा दिवसभर बघावी लागते.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर

पीएसीनंतर औषधाच्या दुकानात हमखास घ्यायला सांगतात ती वस्तू. चेंडूंवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. ते सेकंदाला किती मिली हवा ओढली याचे आहेत, फुप्फुसात किती मावली याचे नाहीत. त्यामुळे झटका देऊन तिन्ही चेंडू वर उडवणाऱ्याला शाबासकी मिळते आणि फुप्फुसाला काहीच मिळत नाही. ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, हळू आणि लांब ओढा, एक-दोन चेंडू वर तीन सेकंद धरून ठेवा, मग सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. फुंकायचं नाही, ओढायचं. ऑपरेशनच्या आधीच आठवडाभर शिकून घेतलं तर उपयोग. पोटाला टाके असताना पहिल्यांदा हातात दिलं तर दुखण्याने कोणी करत नाही. एकट्या या यंत्राने फुप्फुसांची गुंतागुंत टळते असा पक्का पुरावा नाही. उठून बसणं, उशी पोटाशी धरून खोकणं आणि पहिल्याच संध्याकाळी चार पावलं चालणं याला जोड म्हणून ते ठीक. पाचपैकी तीन.

वॉर्ड: साखळीतली कमजोर कडी

पीएसी कितीही उत्तम असली, तरी तिचा कागद फाइलमध्ये मागे जातो आणि वॉर्डात छापील ऑर्डर चालते. त्या ऑर्डरमध्ये डायक्लोफेनॅक असतं, म्हणजे मघाशी म्हटलेलं ते वेदनाशामक इंजेक्शन. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब घसरतो. त्यात रुग्ण उपाशी, पाणी कमी, आधीच मधुमेहाने मूत्रपिंड थोडं खराब. मघाशी सांगितलेल्या तीन ते सात पटीकडे जाणाऱ्या वाटांतली ही एक, आणि सहज टाळता येण्यासारखी. पीएसीच्या कागदावर लाल शाईत 'डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक नको. पॅरासिटामॉल आणि नस बधिर करणं' असं लिहून घ्या.

झोपेत श्वास अडकणाऱ्यांना रात्री सपाट झोपवू नये, डोकं ३० अंश वर किंवा कुशीवर. बोटावरचा ऑक्सिमीटर अलार्मसह सतत चालू हवा. चार तासांनी एकदा बोट मोजून लिहिलेला ९७ हा आकडा मधल्या वेळेचं काहीच सांगत नाही, कारण मोजायला कोणी आलं की रुग्ण जागा होतो आणि श्वास घेतो. नाकात ऑक्सिजन लावून ठेवला तर आकडा चांगला राहतो आणि श्वास मंदावल्याचं उशिरा कळतं, हेही नर्सला माहीत हवं. पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर चालणं, पायाचे पंप, आणि जोखमीनुसार एनॉक्सापॅरिन हे गुठळ्या रोखणारं इंजेक्शन. बीएमआय ४० च्या वर असेल तर ४० मिलिग्रॅमचा रोजचा एक डोस बऱ्याचदा अपुरा पडतो.

खर्चाबद्दल एवढंच, की बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत ॲडमिट होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतला त्याच आजाराशी संबंधित खर्च मिळतो. चार आठवडे आधीची पीएसी त्यात बसते. पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

डिस्चार्ज कार्डवर 'कंटिन्यू ओल्ड मेडिसिन' असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर घरी जाण्याआधी थांबून विचारा, कारण प्रत्येक औषध वेगळ्या दिवशी सुरू होतं. टेल्मिसार्टन बीपी आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर शक्यतो ४८ तासांत, फार दिवस बंद ठेवणंही बरं नाही. मेटफॉर्मिन नीट जेवण सुरू झाल्यावर आणि क्रिएटिनिन पाहून. ग्लिफ्लोझिन पूर्ववत खाणं-पिणं एक-दोन दिवस टिकल्यावरच. सेमाग्लुटाइड मळमळ पूर्ण थांबल्यावर, आणि मधले काही आठवडे चुकले असतील तर जुन्याच मोठ्या डोसने सुरू न करता आधी डॉक्टरांना विचारून.